वाटाड्या

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या लहानशा मिशन केंद्रापासून समुद्र किती दूर आहे, हे मला कधी मोजावे लागले नव्हते. मी वसईचा. समुद्राची गाज ऐकत लहानाचा मोठा झालो आणि पुढे धर्मगुरू म्हणून मराठवाड्यात आलो, तेव्हा ती गाज मागे राहिली एवढेच. पण गेल्या नाताळच्या आधी, गव्हाणीसाठी माती मळत असताना आमच्या मिशनमधील एका आजींनी सहज विचारले, "फादर, शिमोन पेत्र ज्या पाण्यात जाळं टाकायचा ते पाणी आपल्या येलदरीच्या धरणापेक्षा मोठं आसंल का वो?" ते समुद्र म्हणवले जात असले तरी प्रत्यक्षात सरोवर होते, येलदरीहून मोठे, पण खऱ्या समुद्रापुढे काहीच नव्हे, असे मी सांगू लागलो, आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की समोर बसलेल्या बारा-पंधरा जणांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही आमच्या भागातील धरणे. पूर्णा, पैनगंगा आणि उन्हाळ्यात कोरडी पडणारी कयाधू या आमच्या नद्या. पाण्याची कल्पना तेथेच संपते.

जानेवारीत आम्ही निघालो. माझ्यासह सोळा माणसे. मिशनचे जुने मास्तर, चार-पाच जोडपी, कॉलेजात जाणारी तीन मुले आणि त्या आजी. मुंबईची चौपाटी किंवा अलिबाग एवढेच दाखवून परत आणणे सोपे होते. पण मी कोर्लई निवडले. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील हे खेडे, कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर. समुद्र तर आहेच, शिवाय ख्रिस्ती वस्ती आहे, कार्मेल मातेचे चर्च आहे, डोंगरावर किल्ला आहे. आणि त्या वस्तीत पोर्तुगीजपासून जन्मलेली एक निराळीच बोली आजही नांदते. सेमिनरीत असल्यापासून तिच्याविषयी वाचलेले होते. वाचलेले सांगण्याची हौस धर्मगुरूला असतेच, मला ती जरा अधिक आहे. मी एका वहीत सनावळी उतरवून घेतली. तरीही गावात वाट दाखवायला कोणी असावे म्हणून ओळखीतून एक स्थानिक गृहस्थ ठरवले. दिवसाचे आठशे रुपये.

परभणीहून रात्रीच्या गाडीने पनवेल, तेथून दोन जीपगाड्यांतून पेण, अलिबाग, रेवदंडा. रेवदंड्यापर्यंत नारळी-पोफळीच्या बागांनी समुद्र झाकलेलाच ठेवला होता. पुलावर गाडी आली आणि उजवीकडे तो एकदम उघडा पडला. गाडीत कोणी काही बोलले नाही. आजींनी पदराने तोंड झाकून घेतले. मला वाटले, त्या प्रार्थना करत असाव्यात. नंतर त्यांनीच सांगितले की वारा तोंडात शिरत होता.

आमचे वाटाडे दीपगृहाच्या रस्त्यावर उभे होते. सत्तरीकडे झुकलेले, अंगाने काटक, डोक्यावर टोपी, पायांत रबरी चपला, सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. "मी काही शिकलेला गाईड नाही, फादर. गाव माझं आहे, तेवढं दाखवतो," असे त्यांनी आधीच सांगून टाकले. त्या बोलण्यातील विनय माझ्या लक्षात आला, अर्थ मात्र आला नाही.

दीपगृहापासून किल्ल्याच्या पायऱ्या सुरू होतात. किल्ला म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये घुसलेल्या डोंगराच्या कण्यावर बांधलेली एक लांबलचक, अरुंद वास्तू. मगर पाठ उन्हात टाकून पडावी तशी. गॅझेटियरमध्ये तिची लांबी २८२८ फूट आणि सरासरी रुंदी केवळ ८९ फूट दिली आहे. वाटाड्यांनी पहिल्या दरवाजाशी थांबून सांगायला सुरुवात केली, "हा किल्ला पाचशे वर्षांपूर्वी फिरंग्यांनी..." मी म्हणालो, "पाचशे नव्हे. चौलचा कोट १५२१ चा. या डोंगरावर तटबंदी केली ती निजामशहाने, आणि सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती जिंकली." ते "बरोबर, बरोबर" म्हणाले. पुढच्या दरवाजाशी त्यांनी मराठ्यांचे नाव काढले. मी १७३९ ची मोहीम आणि १७४० चा तह सांगितला. त्याच्या पुढच्या दरवाजाशी त्यांनी, दरवाजे एकंदर सात, असे म्हटले. मी वही उघडून चार बाहेरचे आणि सात आतले, मिळून अकरा, असा हिशेब दिला.

मास्तरांनी मध्येच विचारले, "निजाम म्हणजे आपलाच का, फादर? हैदराबादचा?" प्रश्न अगदी रास्त होता. हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती आणि आमच्या भागातील जुन्या माणसांच्या गोष्टींत निजाम अजून जिवंत आहे. हा निजाम तो नव्हे, हा अहमदनगरचा, त्याहून दोनशे वर्षे जुना, असे मी समजावले. पण त्याच्या घराण्याचे मूळ मात्र आपल्या परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या कुलकर्ण्यांत असल्याचे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, हेही सांगितले. मंडळी खूश झाली. कोणीतरी म्हणाले, "म्हंजी इथवर आपली माणसं आधीच येऊन गेली म्हणा की!" मी स्वतःवर प्रसन्न झालो.

त्या प्रसन्नतेत वाटाडे केव्हा गप्प झाले, हे मला कळले नाही. ते नातवाचा हात धरून वीस-पंचवीस पावले पुढे चालत होते. आता ते फक्त वाट दाखवत होते.

आजी माझ्या शेजारी येऊन थांबल्या. दम लागला होता, तरी हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, तुमाला सगळं ठाव हाय, तर मग ह्या बाबाला कशाला आनलं? बोलू द्या की वो त्यांला. गाव त्यांचं हाय."

त्यांनी ते कोणत्याही रागाने म्हटले नव्हते. पण मी जागच्या जागी थांबलो, आणि त्याचे कारण किल्ल्यात नव्हते, आमच्या मिशनमधील वस्त्रागारात होते. या आजी नव्वदच्या दशकातील साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या. वयाच्या पस्तिशीनंतर शिकलेली बाई. बोट ठेवून वाचायची, पण वाचायची. चार वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्यांना पहिले वाचन दिले. ते त्यांनी घरी दहा वेळा म्हणून पाहिले असेल. मिस्सा झाल्यावर मी त्यांना वस्त्रागारात बोलावले आणि तरुण मुलामुलींसमोर, अगदी प्रेमाने, 'निरमान' नव्हे 'निर्माण', 'पानी' नव्हे 'पाणी', असे उच्चार करवून घेतले. त्या हसल्या. "जिभंला वळण नाही, फादर," म्हणाल्या. त्यानंतर वाचनाला त्या कधीही पुढे आल्या नाहीत. दर वेळी चष्मा घरी राहिलेला असे. मला ते सोयीचे वाटले, असे आज लिहिताना लाज वाटते.

मी वही झोळीत टाकली आणि पुढे जाऊन वाटाड्यांना म्हटले, "तुम्ही सांगा. मी ऐकतो." त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. "इतिहास तुम्हीच सांगा, फादर. माझं चुकतं." "इतिहास नको," मी म्हटले, "तुम्ही येथे काय करत होता ते सांगा."

मग त्यांनी जो किल्ला दाखवला तो माझ्या वहीत नव्हता. लहानपणी शेळ्या घेऊन ते येथे येत. कोणत्या बुरुजाच्या सावलीत दुपारी वारा लागतो, कोणत्या भिंतीत साळुंक्या घरटे करतात, पडक्या प्रार्थनालयाच्या कोणत्या कोपऱ्यात पाऊस लागत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्या छप्पर नसलेल्या प्रार्थनालयात आमच्या मंडळींनी गुडघे टेकून एक दशक माळ म्हटली. नंतर ते आम्हांला पाण्याच्या टाक्याजवळ घेऊन गेले. खडकात तीन गोल तोंडे, आत पावसाचे साठवलेले पाणी. डावीकडे समुद्र, उजवीकडे खाडी, दोन्हींकडे मिठाचे पाणी, आणि मधल्या डोंगराच्या माथ्यावर हे गोडे. आजी पालथ्या पडून तोंडातून आत पाहू लागल्या. "गोड पानी!" त्या म्हणाल्या. मी काही बोललो नाही.

आजींना टाके बांधणीतील सगळे समजत होते. १९७२ च्या दुष्काळात त्या तेरा-चौदा वर्षांच्या होत्या; सरकारी कामावर पाझर तलावाची माती त्यांनी डोक्यावर वाहिली, सुकडीवर दिवस काढले. वाटाड्यांनी विचारले, "हे एवढे दगड वर आणले कसे असतील?" आणि आजी म्हणाल्या, "कसे म्हंजी? डोक्यावर घमेलं आन् आठवड्याला पगार."

सगळे हसले. मला मात्र त्या एका वाक्याने गुंतवून ठेवले. घमेले हा शब्द पोर्तुगीज 'गामेला'पासून आलेला, पगारही त्यांचाच. चावी, लिलाव, बटाटा, काजू, अननस, आपला पाव आणि आपला पाद्री, हे सारे शब्द या किनाऱ्यावर उतरले आणि घाट चढून गेले. येथून सहाशे किलोमीटरवर, ज्या मुलुखात पोर्तुगीज कधी फिरकले नाहीत तेथे, एका दुष्काळात एक मुलगी त्यांचा शब्द डोक्यावर घेऊन चालत होती. या वेळी मी तो शब्द सांगितला तेव्हा वाटाडे स्वतःच थांबले. "म्हणजे त्या अर्धी आमची भाषा बोलतात," ते आजींकडे बोट दाखवून म्हणाले.

त्यांची भाषा. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बाहेरचे लोक तिला क्रिस्ती म्हणतात. सुमारे हजारभर माणसांची ही बोली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये एक अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण दिवसेंदिवस मराठीच्या वळणाची होत गेलेली. १७४० मध्ये पोर्तुगीज राज्य गेले, शिपाई गेले, अधिकारी गेले. त्यांच्या पदरी राहून बाप्तिस्मा घेतलेली गरीब माणसे तेवढी डोंगराच्या पायथ्याशी उरली. आजूबाजूच्या गावांत सोयरीक होईना, कारण धर्म वेगळा. धर्म एक असला तरी बड्यांत बसता येईना, कारण जात. कोणी जवळ करीत नव्हते, म्हणून घरातले बोलणे घरातच राहिले आणि पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकले. दूर ठेवले जाण्याचा अर्थ आमच्या मराठवाड्यातील मंडळींना सांगावा लागला नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतूनच त्यांचे आजे-पणजे ख्रिस्ताकडे आले.

"माझी आजी प्रार्थना पोर्तुगीजमध्ये म्हणायची," वाटाडे सांगत होते. "अर्थ तिलाही पुरता माहीत नसेल. मग चर्चमध्ये मराठी आली. चांगलं झालं, कळायला लागलं. शाळा मराठी, चर्च मराठी. पूल झाल्यावर नोकऱ्या आल्या, बाहेरच्या सुना आल्या. आमची बोली आता चुलीपुरती."

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वेदीवर लोकभाषा आणली, ही गोष्ट मी गेली पंचवीस वर्षे अभिमानाने शिकवत आलो आहे. १६१६ साली आपले ख्रिस्तपुराण छापून काढणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सचे नाव घेतल्याशिवाय त्या विषयावरचे माझे प्रवचन पुरे होत नाही. पण वेदीवर आलेली लोकभाषा कोर्लईच्या चुलीवरची नव्हती. ती शेजाऱ्याची होती. आणि खरे तर आमच्या वसईच्या चुलीवरचीही नव्हती. हा विचार मला त्या टाक्याच्या काठावर प्रथमच आला, इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता.

तेवढ्यात वाटाडे नातवाशी त्यांच्या बोलीत काही बोलले. ऊन फार आहे, टोपी घाल, अशा अर्थाचे असावे. नातवाने मराठीत उत्तर दिले, "नको आजोबा, मला नाही उकडत." आजोबांनी पुन्हा आपल्या बोलीत सांगितले. त्याने पुन्हा मराठीत, आमच्याकडे चोरून बघत, उत्तर दिले. परक्या माणसांसमोर आजोबांनी ती भाषा काढल्याचा त्याला संकोच झाला होता. तो संकोच मी ओळखला.

माझ्या घरची बोली सामवेदी. तेराव्या-चौदाव्या वर्षी मी धाकट्या सेमिनरीत गेलो तेव्हा मला तीच येत होती. इतर ठिकाणची मुले हसली आणि मी सहा महिन्यांत ती पुसून टाकली. मराठी पुस्तके झपाट्याने वाचली, वक्तृत्वात बक्षिसे मिळवली. एका भेटीच्या रविवारी आई आली. डोक्यावर केळ्यांची टोपली, अंगावर लाल लुगडे. व्हरांड्याच्या टोकापासूनच तिने मला मोठ्याने हाक मारून आमच्या बोलीत विचारपूस सुरू केली. माझे चार मित्र शेजारी उभे होते. मी तिला प्रमाण मराठीत, पुस्तकी मराठीत, उत्तर दिले. तिने पुन्हा आमच्या बोलीत विचारले. मी पुन्हा तसेच उत्तर दिले. ती शहाणी बाई होती, तिने तिसऱ्यांदा विचारले नाही. पुढच्या भेटीपासून ती माझ्याशी मोडक्यातोडक्या शुद्ध मराठीत बोलू लागली, तहसील कचेरीत कारकुनाशी बोलावे तसे. दीक्षाविधीनंतर तर 'तुम्ही' म्हणू लागली. लोकांना वाटले, मुलगा धर्मगुरू झाला म्हणून आदराने म्हणते. शेवटच्या आजारात तिला भान राहिले नाही तेव्हा ती पुन्हा आमच्या बोलीत बोलू लागली. मी तिला तैलाभ्यंग दिला, प्रार्थना म्हटल्या, सगळ्या ग्रंथातल्या. तिने विचारलेल्या दोन-तीन साध्या गोष्टींना मला तिच्या शब्दांत उत्तर देता येईना. शब्द आठवत होते, जीभ वळत नव्हती.

हे मी किल्ल्यावर कोणाला सांगितले नाही. येथे लिहितो आहे तेही याच प्रमाण मराठीत. मला दुसरी उरलेली नाही.

दुपारी वाटाड्यांच्या घरी जेवण झाले. आमच्या मंडळींनी वसमतची हळद नेली होती, किलो-दोन किलोच्या पिशव्या. वाटाड्यांच्या पत्नीने ती तळहातावर घेऊन वास घेतला आणि लगेच कालवणात घातली. जेवताना मुलांनी विचारले, पाण्यात केव्हा उतरायचे? वाटाडे म्हणाले, "आज तिथी कोणती?" मुलांनी मोबाइल काढले, पण आजींनी आधीच सांगितले, "काल एकादस होती. नरसीला भजन आसतंय." नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव आमच्याच जिल्ह्यात, आजींचे माहेर वारकरी, आणि बाप्तिस्म्याने त्यांच्या तिथ्या पुसल्या गेलेल्या नाहीत. "मग आज द्वादशी," वाटाडे म्हणाले. "बारा तिथींची पाऊणपट किती? नऊ. सकाळी नऊच्या सुमारास भरती. तिथून सहा तास ओहोटी. तीन वाजता चला, वाळू मोकळी असेल." पंधरवड्यातील कोणतीही तिथी घ्या, पाऊणपट करा, भरतीची वेळ हाती येते, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे. या किनाऱ्यावरचा लहानथोर प्रत्येक जण हा हिशेब करतो. मीही लहानपणी करत असे. विसरलो होतो.

तीनला वाळू खरोखरच मोकळी होती. बायका आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत गेल्या. मास्तरांनी धोतराचा काचा मारला. आजी मात्र लाटेच्या कडेला बसून राहिल्या. लाट पायांवरून जाऊन मागे फिरली की खालची वाळू सरकते आणि आपणच समुद्राकडे ओढले जात आहोत असे वाटते; तो अनुभव त्या पुन्हापुन्हा घेत होत्या. बोट बुडवून चव घेतली. "एवढं पानी, आन् एक एकर भिजवायच्या कामाचं नाही," त्या म्हणाल्या. शेजारी बसलेले वाटाडे म्हणाले, "आमची पण शेतीच. समुद्र दाराशी आणि पीक पावसावर." मग ते दोघे बराच वेळ भात, हळद, बियाणे आणि शेळ्यांचे रोग यांवर बोलत राहिले. आजी हिंगोलीच्या वळणाने, ते कोकणच्या. कोठेही अडले नाही.

निघताना मी आठशे रुपये दिले. त्यांनी मोजून घेतले आणि शंभर परत केले. "पहिला तासभर तुम्हीच सांगत होता, फादर. तेवढे कापले." ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, मग हसले. शंभराची नोट मी नातवाच्या हाती ठेवू लागलो. आजोबांनी त्याला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारले. मुलाने एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा नोटेकडे, आणि अगदी हळू आवाजात त्याच बोलीत एक-दोन शब्द उच्चारले. काय म्हणाला ते मी विचारले नाही.

आजींनी पाण्याची रिकामी बाटली समुद्राच्या पाण्याने भरून आणली. गाडीत दोनदा सांडली तरी अर्धी उरली. वस्तीतील प्रत्येक मुलाने त्यात बोट बुडवून चव घेतली, असे ऐकतो.

परतल्यावर दुसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. पुनरुत्थान सणाच्या जागरणविधीत निर्गमाच्या ग्रंथातील जे वाचन असते, इस्राएलचे लोक कोरड्या पायांनी समुद्रातून पार होतात ते, तुम्ही वाचाल का, असे विचारले. वस्त्रागारातील त्या रविवारबद्दल जे बोलायचे होते तेही बोललो. फार नीट बोलता आले नाही. त्यांनी चहा टाकला. बराच वेळ काही म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, फादर. आपरेशनचा नंबर मार्चात हाय. झालं तर बघू." आणि थोड्या वेळाने, चहाचा कप माझ्या हातात देताना, "पर 'पानी' मी 'पानी'च म्हननार बघा."